नेपल्स तीन दिवसांत: मंगळवार सांभाळा, काप्री सोडा

प्रश्न: ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी (वय ५८) आणि माझे यजमान (वय ६६) इटलीला जात आहोत. भाची मिलानला शिकते, ती रोमला येऊन आमच्याबरोबर राहील. रोमनंतर तीन रात्री नेपल्स असं ठरवलंय. सोमवारी दुपारी एकला पोचू. संध्याकाळी व्हेसुव्हियस, मंगळवारी म्युझियम आणि तो प्रसिद्ध झाकलेला ख्रिस्त, बुधवारी पॉम्पेई आणि एर्कोलानो, गुरुवारी काप्री बेट करून रात्रीच्या गाडीने रोम, आणि शुक्रवारी सकाळी रोमहून मुंबईचं विमान. यजमानांचे गुडघे दुखतात, सपाटीवर चालतात पण चढ-पायऱ्या जमत नाहीत. मी शुद्ध शाकाहारी, अंडंही खात नाही. स्टेशनजवळ स्वस्त हॉटेल दिसतंय, ते घेऊ का? चोऱ्या फार होतात म्हणे. आणि पॉम्पेईत सापडलेली लक्ष्मी तिथे पाहायला मिळते, हे खरं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, तुमची यादी चुकीची नाही, वार चुकलेत. नेपल्सचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असतं. झाकलेला ख्रिस्त, म्हणजे वस्त्राने झाकलेल्या ख्रिस्ताचं संगमरवरी शिल्प, ज्या सान्सेव्हेरो चॅपलमध्ये आहे, तेही मंगळवारीच बंद. म्हणजे तुमचा सगळा मंगळवार दोन बंद दारांपुढे गेला असता. बुधवारी राजवाडा, कापोदिमोंते संग्रहालय आणि टेकडीवरचा सान मार्तिनो मठ बंद असतो. पॉम्पेई, म्हणजे व्हेसुव्हियस ज्वालामुखीने गाडलेलं प्राचीन शहर, मात्र १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबर सोडून रोज उघडं. तेव्हा मंगळवार पॉम्पेईला द्या आणि बुधवार संग्रहालयाला, की निम्मं गणित सुटलं.

उरलेलं निम्मं गणित गाळण्याचं आहे. व्हेसुव्हियस गाळा. बस हजार मीटर उंचीपर्यंतच जाते, तिथून विवराच्या कडेपर्यंत अर्धा तास सुट्या खडी-राखेची चढण आहे. उतरताना पाय घसरतो आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. तिकीट वेळेचं असतं, ते आधी ऑनलाइनच काढावं लागतं, आणि ढग उतरले की वाट बंद करतात. सोमवारी एकला उतरून संध्याकाळी तिथे पोचणं तर होणारच नाही. डोंगर पाहायचाच असेल तर तो शहराच्या किनाऱ्यावरून उत्तम दिसतो, आणि पॉम्पेईच्या चौकातूनही.

काप्रीही गाळा, निदान शेवटच्या दिवशी तरी. मोलो बेवेरेल्लो धक्क्यावरून वेगवान बोट सुमारे पन्नास मिनिटांत पोचते, भाडं माणशी एका वेळचं वीस-पंचवीस युरो. अडचण भाड्याची नाही, समुद्राची. ऑक्टोबरात वारा उठला की आधी या वेगवान बोटी रद्द होतात, मोठ्या संथ फेरी त्यानंतर. काप्रीची निळी गुहा तर थोड्या लाटेनेही बंद होते, कारण तिचं तोंड इतकं बुटकं आहे की होडीत आडवं पडून आत शिरावं लागतं. तुम्ही बेटावर अडकलात तर रात्रीची रोमची गाडी जाईल, आणि तिच्यामागे सकाळचं विमान. परतीच्या दिवशी मध्ये समुद्र ठेवायचा नाही, एवढं पाळा.

आता दिवसवार.

सोमवार. रोमा तेर्मिनीहून नेपल्सला जलद गाडी सव्वा तासाच्या आत पोचवते. साधी प्रादेशिक गाडी स्वस्त असते, पण दोन-तीन तास घेते आणि तिच्यात जागेची खात्री नसते. जलद गाडीचं तिकीट महिनाभर आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. काढताना उतरायचं स्टेशन ‘नापोली चेंत्राले’ आहे ना, ते दोनदा पाहा. ‘नापोली आफ्रागोला’ हे जलद गाड्यांचं दुसरं स्टेशन शहराबाहेर उत्तरेला आहे. नावातल्या नापोलीला फसून लोक तिथे उतरतात. सोमवारचं तिकीट न बदलणारं स्वस्त घेतलं तरी चालेल; गुरुवारचं मात्र बदलता येणारं घ्या, कारण पुढे येईलच.

मुक्काम स्टेशनजवळ नको. स्टेशनसमोरच्या पियात्सा गारिबाल्दी या चौकाचा परिसर दिवसा गजबजलेला आणि सोयीचा असतो, पण रात्री जेवून परतताना तिथून चालणं तुम्हा तिघांना आवडणार नाही. मेट्रोची १ नंबरची लाइन स्टेशनखालून निघते आणि दुओमो, उनिव्हेर्सिता, मुनिचिपिओ, तोलेदो, दांते, म्युझेओ अशी जाते. दांते, तोलेदो किंवा मुनिचिपिओ या तीन थांब्यांपासून पाच-सात मिनिटांवरची सपाटीवरची खोली घ्या. तोलेदो रस्त्याच्या पश्चिमेला ‘स्पॅनिश क्वार्टर’च्या गल्ल्या लगेच चढायला लागतात, तिथलं भाडं कमी दिसेल, पण रोज दोनदा चढ आहे. बुकिंगच्या आधी मालकाला दोनच गोष्टी लेखी विचारा: कितवा मजला, आणि लिफ्ट चालू आहे का. जुन्या वाड्यांमधले मजले उंच असतात. तिथला तिसरा मजला आपल्या चौथ्यासारखा पडतो. काही इमारतींत लिफ्टमध्ये नाणं टाकावं लागतं, तेव्हा सुटी नाणी जवळ असू द्या. अंगणाकडची खोली मागा. रस्त्याकडच्या खोलीत स्कूटरचे आवाज मध्यरात्रीपर्यंत येतात.

सामान टाकून चारच्या सुमारास बाहेर पडा. दुपारी एक ते चार बरीच चर्चेस बंद असतात, त्यामुळे लवकर निघण्यात अर्थ नाही. दांतेहून पोर्ताल्बाच्या कमानीतून आत गेलात की आठ-दहा मिनिटांत पियात्सा देल जेझू येतं. तिथल्या जेझू नुओव्हो चर्चचा दर्शनी भाग हिऱ्यासारख्या टोकदार दगडांचा आहे. समोरच सांता कियारा. ऑगस्ट १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात हे चर्च जळलं आणि पुन्हा बांधलं गेलं. त्याच्या मागच्या अंगणातले रंगीत चित्रफरशांचे खांब आणि बाकं अठराव्या शतकातली आहेत. अंगणाला वेगळं तिकीट आहे. यजमानांना बसायला जागा हवी असेल तर या भागात याहून चांगली नाही.

सान्सेव्हेरो चॅपल तिथून पाच मिनिटांवर. इथे वेळेचं तिकीट ऑनलाइन आधीच घ्यावं लागतं, आयत्या वेळी सहसा मिळत नाही. संध्याकाळी पाच-साडेपाचची वेळ घ्या. जुझेप्पे सानमार्तिनोने १७५३ मध्ये घडवलेला ख्रिस्त आणि त्याच्यावरचं विरविरीत वस्त्र, दोन्ही एकाच संगमरवरी शिळेतलं. फोटो काढू देत नाहीत, फोन बाहेर काढलात तरी हटकतात. तळघरात ‘शरीरयंत्रं’ म्हणून दोन सांगाडे आहेत, त्यांच्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं उभं केलंय. खाली जाणारा जिना अरुंद आणि गोल आहे; यजमान वर थांबले तर मुख्य काही चुकणार नाही.

बाहेर आलात की तुम्ही त्या सरळ रस्त्यावर असता, ज्याला लोक स्पाक्कानापोली म्हणतात, म्हणजे शहर दुभागणारा. हा आणि वरचा त्रिबुनाली हे रस्ते ग्रीकांनी आखलेल्या ‘नेआपोलिस’चेच आहेत. जुन्या शहराला १९९५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली ती बऱ्याच अंशी या टिकलेल्या आखणीमुळे. त्रिबुनालीवर ‘भूमिगत नेपल्स’ची पाटी दिसेल. जमिनीखाली चाळीसेक मीटर, शंभरावर पायऱ्या, एका टप्प्यात खांदे तिरके करून जावं लागतं. भाचीला एकटीला जायचं असेल तर जाऊ दे. तिला त्याच रस्त्यावरच्या पिओ मोंते देल्ला मिसेरिकोर्दिया या चर्चमधलं काराव्हाज्जोचं १६०७ चं मोठं चित्रही दाखवायला सांगा, ते तुम्हा दोघांनाही जमेल. फक्त तिथली बंद व्हायची वेळ आधी बघा. रस्त्यांच्या काळ्या ज्वालामुखी फरशा पाऊस पडला की निसरड्या होतात आणि ऑक्टोबरात पाऊस पडतोच. रबरी तळव्याचे बूट आणा. नवे कोरे नकोत.

मंगळवार, पॉम्पेई. इथे तुम्हाला बारकाईने सांगायला हवं, कारण या एका दिवशी गुडघे वाचले तर सहल वाचली.

नेहमीची वाट अशी: मुख्य स्टेशनखालच्या गारिबाल्दी स्टेशनवरून चिर्कुमवेसुव्हियाना नावाची लोकल, सोरेन्तोची गाडी, पस्तीस-चाळीस मिनिटांत ‘पॉम्पेई स्कावी – विल्ला देई मिस्तेरी’. तिथून समोरच पोर्ता मारीना दरवाजा. गर्दी इथेच, आणि आत शिरताच दगडी चढ. तुम्ही उलटं करा. पियात्सा आन्फितेआत्रो या पूर्वेकडच्या दरवाजाने शिरा. तिथून ‘सर्वांसाठी पॉम्पेई’ हा सुमारे साडेतीन किलोमीटरचा मार्ग सुरू होतो. उंच फूटपाथना उतार आणि खड्ड्यांवर सपाट पट्ट्या केल्या आहेत. बाकीच्या रस्त्यांवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या गाड्यांच्या चाकोऱ्या आहेत, आणि रस्ता ओलांडायला मध्ये गुडघाभर उंचीचे दगड. ते दगड प्रत्येक चौकात चढणं-उतरणं हेच पॉम्पेईतलं खरं गुडघेदुखीचं कारण. लोक उन्हाला दोष देतात.

आन्फितेआत्रोच्या दरवाजाला पोचायला राज्य रेल्वेची लोकल घ्या आणि नुसतं ‘पॉम्पेई’ लिहिलेल्या स्टेशनवर उतरा. हे गावातलं स्टेशन, दरवाजा तिथून सपाटीवर दहा-पंधरा मिनिटं. चिर्कुमवेसुव्हियानाच्या पोज्जोमारीनोच्या लाइनवर ‘पॉम्पेई सांतुआरिओ’ हेही याच बाजूला आहे. तिन्ही स्टेशनांच्या नावात पॉम्पेई असल्यामुळे घोटाळा होतो. गाडीत बसण्याआधी पाटीवर शेवटच्या स्टेशनचं नाव वाचा.

आत क्रम असा ठेवा. आधी अँफिथिएटर, इ.स.पू. ७० च्या सुमाराचं, दगडी अँफिथिएटरांमधलं आज उभं असलेलं सर्वांत जुनं. जवळच ‘पळणाऱ्यांची बाग’, जिथे तेरा माणसांचे प्लास्टरचे ठसे जसे पडले तसे ठेवले आहेत. शरीरं कुजून राखेत पोकळी राहिली, त्यात प्लास्टर ओतलं, म्हणून चेहऱ्याची ठेवणसुद्धा दिसते. मग आबोंदांत्सा रस्त्याने सरळ पश्चिमेकडे: दुकानं, भट्ट्या, स्ताबियान स्नानगृह, आणि शेवटी फोरम, म्हणजे शहराचा मुख्य चौक, त्याच्यामागे व्हेसुव्हियस. चौकाजवळ आत कॅफे आणि स्वच्छतागृह आहे. तिथे अर्धा तास बसा. यजमानांना उत्साह असेल तर २०२३ मध्ये पुन्हा उघडलेलं वेत्ती बंधूंचं घर पाहा. नसेल तर तिथूनच पोर्ता मारीनाच्या उताराने बाहेर पडा आणि समोरच्या स्टेशनवरून सोरेन्तो लाइनने परत. सगळा रस्ता एकाच दिशेने, परत फिरणं नाही.

यात एक अडथळा येतो. ३० बाय ३० बाय १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. दरवाजावर फुकट ठेवून घेतात, पण ती घ्यायला त्याच दरवाजावर परत यावं लागतं. म्हणून लहान पिशव्याच न्या. पाण्याची बाटली रिकामी नेली तरी चालेल, आत नळ आहेत आणि पाणी पिण्याजोगं. टोपी हवीच, सावली जवळजवळ नाही.

तिकीट नावावर मिळतं. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला वीस हजारांची मर्यादा आहे आणि हंगामात सकाळ-दुपार असे दोन गट असतात. तिघांची नावं पासपोर्टप्रमाणे भरा, मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. सकाळचा गट घ्या, नऊ-साडेनऊला दरवाजावर उभे राहा. साधं तिकीट वीस युरोंच्या आसपास. ‘प्लस’ नावाच्या महाग तिकिटात तटाबाहेरच्या बंगल्यांचा समावेश असतो. तिथवरचं चालणं तुमच्या यजमानांसाठी नाही, तेव्हा साधंच घ्या. अठराच्या खालच्यांना कुठल्याही देशाचे असले तरी प्रवेश फुकट, पण १८ ते २५ वयाची दोन युरोंची सवलत युरोपियन संघाच्या नागरिकांना आहे. भाची मिलानला शिकत असली तरी भारतीय पासपोर्टवर ती मिळणार नाही. तिने विद्यार्थी म्हणून स्वस्त तिकीट काढलं तर दरवाजावर अडवतील. आणि पोर्ता मारीनाबाहेर ‘माहिती केंद्र’ अशा पाट्या लावलेली दुकानं असतात, ती खासगी सहलींची. सरकारी खिडकी दरवाजातच असते.

चार तास पुरे. दुपारी खोलीवर येऊन झोपा. त्या दिवशी संध्याकाळी काही ठरवू नका.

बुधवार, संग्रहालय. म्युझेओच्या थांब्यावर उतरलात की समोर. पॉम्पेईत भिंती पाहिल्या, त्या भिंतींवरचं सगळं इथे आहे: चित्रं, भांडी, फळांचे तुकडे, आणि पॉम्पेईतल्या ‘फॉनच्या घरा’तलं अलेक्झांडरच्या लढाईचं मोझेइक. म्हणून आधी पॉम्पेई आणि मग संग्रहालय हा क्रम मंगळवारच्या सुटीमुळे आपोआप जमला तरी तोच योग्य. तळमजल्यावरचे फार्नेसे संग्रहातले हर्क्युलीस आणि बैलाचा प्रचंड शिल्पसमूह आधी उरका, तिथे बसायला जागा आहे. वर जायला लिफ्ट मागा.

आता तुमची लक्ष्मी. हो, खरं आहे, आणि ती आपल्याकडचीच असावी. आमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला १९३८ मध्ये आबोंदांत्सा रस्त्यावरच्या एका घरात ती मिळाली. हस्तिदंताची, जेमतेम पंचवीस सेंटिमीटर, दोन बाजूंना दोन छोट्या दासी, अंगभर दागिने. डोक्यातून खाली भोक पाडलेलं आहे, म्हणजे ती पूजेची मूर्ती नसून आरशाची मूठ किंवा एखाद्या चौरंगाचा पाय असावा. मायुरीने लक्ष्मी म्हटलं म्हणून नाव पडलं. अभ्यासकांचा कल आता यक्षीकडे आहे. अशाच घडणीच्या मूर्ती जालना जिल्ह्यात भोकरदनला आणि धाराशिवजवळच्या तेरला सापडल्या आहेत. ही दोन्ही सातवाहनकाळातली व्यापारी गावं, माल घाट उतरून बंदराला आणि तिथून रोमला. इसवी सन ७९ मध्ये पॉम्पेई गाडलं गेलं, त्याच्याआधी ही मूर्ती तिथे पोचली होती, हे मात्र निर्विवाद. मुंबईहून नाशिकला जाता-येता त्या घाटांचा विचार करण्याचं हे चांगलं निमित्त आहे, असो.

ती पाहायला जाताना दोन गोष्टी माहीत हव्यात. तिची जागा ‘गाबिनेत्तो सेग्रेतो’ या दालनात आहे, आणि तिथे पॉम्पेईतली सगळी शृंगारिक चित्रं-शिल्पं एकत्र ठेवली आहेत. भाचीबरोबर शिरताना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आधीच सांगितलं. दुसरं, माणसं कमी असली की काही दालनं पाळीपाळीने बंद ठेवतात, आणि वस्तू कधी प्रदर्शनांसाठी बाहेरही जातात. तिकीट काढताच खिडकीवर मूर्तीचा फोटो दाखवून विचारा आणि उघडं असेल तर आधी तिकडेच जा. डोळ्यांसमोर मोठी मूर्ती आणू नका. काचेमागची वीतभर वस्तू आहे, शोधावी लागते.

संध्याकाळी मेट्रोने तोलेदोला उतरा. ऑस्कर तुस्केत्सने आखलेलं २०१२ चं हे स्टेशन स्वतःच पाहण्यासारखं आहे, सरकता जिना निळ्या प्रकाशातून वर येतो. मग गॅलरिया उंबेर्तो, पियात्सा प्लेबिशितो, आणि तिथून खाली किनाऱ्याचा वाहनं नसलेला रस्ता. सगळं सपाट किंवा उतार. परत येताना चढ लागतो, तिथे टॅक्सी करा. पांढऱ्या टॅक्सीत ठरावीक मार्गांचे ठरलेले दर असतात, पण ते बसल्याबरोबर मागितले तरच. मीटर सुरू झाल्यावर बोलून उपयोग नाही.

गुरुवार. सकाळी खोली सोडा आणि सामान मुख्य स्टेशनातल्या सशुल्क सामानघरात ठेवा. मग तिथूनच चिर्कुमवेसुव्हियानाने वीस मिनिटांवर ‘एर्कोलानो स्कावी’. स्टेशनपासून एक सरळ रस्ता समुद्राकडे उतरतो, दहा मिनिटांत दरवाजा. येताना तोच रस्ता चढ आहे, टॅक्सी मिळाली तर घ्या. एर्कोलानो हे त्याच उद्रेकात गाडलेलं दुसरं गाव लहान आहे, दोन तासांत होतं, आणि जिथे पॉम्पेईत छपरं कोसळली तिथे इथे वरचे मजले, लाकडी दारं, पलंगसुद्धा शिल्लक आहेत. कारण इथे राख हळूहळू पडली नाही; प्रचंड तापलेल्या राख-वायूचे लोट आले, लाकूड जळून नाहीसं होण्याऐवजी त्याचा कोळसा झाला आणि वीसेक मीटर थराखाली बंद पडला. जुन्या किनाऱ्यावरच्या होड्यांच्या कमानींत तीनशेच्या आसपास सांगाडे सापडले, आसऱ्याला आलेल्या माणसांचे.

यजमानांना दोन दिवसांत अवशेषांचा कंटाळा आला असेल तर हा दिवस शहरातच घालवा. फ्युनिक्युलरने, म्हणजे टेकडी चढणाऱ्या दोराच्या रेल्वेने, वर सान मार्तिनोचा मठ, गुरुवारी तो उघडा असतो, गच्चीवरून सगळा उपसागर दिसतो. माझं झुकतं माप एर्कोलानोकडे आहे.

दोन्हीतलं काहीही करा, तीनला मुख्य स्टेशनवर या आणि रोमची गाडी पाच-सहाची ठेवा. चिर्कुमवेसुव्हियाना उशिरा धावते, मध्येच रद्द होते, आणि इटलीत वाहतुकीचे संप आधी जाहीर करून होतात. ‘शोपेरो’ म्हणजे संप, हा शब्द त्या आठवड्याच्या तारखांबरोबर शोधून बघा, भाचीला ते सहज जमेल. बदलता येणारं तिकीट घ्यायला सांगितलं ते यासाठी.

जेवण. मार्गेरिता पिझ्झा अंडं-मांसाशिवाय असते, आणि पारंपरिक कृतीत टोमॅटो नुसते चुरडलेले, त्यात कांदा-लसूण नसतो. मारिनारावर चीज नसतं पण लसूण असतो. तुम्हाला चीजमधल्या प्राणिज रेनेटचं (दूध फाडायला वापरतात तो वासराच्या पोटातला पदार्थ) वावडं असेल तर मारिनाराच घ्या, कारण तिथलं बहुतेक मोझारेल्ला आणि सगळं पार्मेजानो वासराच्या रेनेटवर लावलेलं असतं. भट्टी आणि फळी सगळ्या पिझ्झांना एकच असते, हेही खरं.

धोके दिसत नाहीत तिथे असतात. मिरीचे ‘तराल्ली’ दिसायला खारी बिस्किटं, पण पारंपरिक प्रकारात डुकराची चरबी. ‘स्फोल्यातेल्ला’च्या पापुद्र्यांत तीच, वर सारणात अंडं. तळलेल्या पिझ्झात बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे तुकडे. ‘स्कारोला’च्या भाजीत अँकोव्ही मासा घालतात. वांग्याची ‘पार्मिजाना’ मांसाशिवाय असते, मात्र काही ठिकाणी काप अंड्यात बुडवून तळतात. ताजा पास्ता अंड्याचा असतो, सुका सहसा नुसत्या गव्हाचा. तेव्हा ‘स्पागेत्ती आल पोमोदोरो’ मागा आणि पार्मेजानो वरून घालू नका म्हणून सांगा. ‘फ्रियारिएल्ली’ ही कडवट पालेभाजी सॉसेजशिवाय मागितली तर झकास लागते. ‘मी शाकाहारी’ एवढ्याने काम होत नाही, हॅम आणि मासा म्हणजे मांस नव्हे असं समजणारे भेटतात. तीनही गोष्टी नावाने सांगा: ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा उओवा’, म्हणजे मांस, मासा, अंडं नको. पेस्ट्री सोडाच, फळांचं ‘सोर्बेत्तो’ विचारून घ्या.

रात्रीच्या पिझ्झेरिया सातच्या पुढे उघडतात. दारात नाव लिहवून थांबावं लागतं, उघडायच्या आधी पंधरा मिनिटं गेलात तर वाचता. बिलात माणशी एक-दोन युरोंचा ‘कोपेर्तो’ लागतो. तो बसण्याचा आकार आहे, फसवणूक नाही.

चोऱ्यांचं. अंगावर हल्ला होण्याची भीती मनात ठेवू नका. खिसे आणि फोन सांभाळा. गारिबाल्दी स्टेशन आणि चिर्कुमवेसुव्हियानाची दारं ही दोन ठिकाणं. पाठीवरची पिशवी पोटावर घ्या, दाराशी उभं राहू नका. गाडी पोर्ता नोलाना स्टेशनवरून सुटते, गारिबाल्दीच्या एक थांबा आधी. तिथून चढलात तर बसायला जागा मिळते, यजमानांसाठी तेवढं चाला. रस्त्यावर पिशवी भिंतीच्या बाजूच्या खांद्यावर, स्कूटरच्या बाजूला नको. तिकीट यंत्रापाशी मदत करायला येणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा. पासपोर्ट कपड्यांच्या आत, प्रती खोलीवर. आपत्कालीन नंबर ११२.

शहराच्या पश्चिमेला पोत्सुओलीच्या बाजूला जमीन वर येत असल्याने छोटे धक्के बसतात, बातम्या वाचून घाबरू नका. तुमचा सगळा कार्यक्रम शहरात आणि पूर्वेला आहे.

बुकिंग या क्रमाने करा: आधी सान्सेव्हेरोची सोमवारची वेळ, कारण तीच सर्वांत आधी संपते. मग पॉम्पेईचं मंगळवार सकाळचं, मग रेल्वे, मग खोली. संग्रहालयाचं तिकीट आदल्या दिवशी काढलं तरी चालतं. गुरुवारी रात्री रोमची खोली तेर्मिनी स्टेशनजवळ घ्या. सकाळी तिथून विमानतळाची थेट गाडी बत्तीस मिनिटांत फ्युमिचिनोला पोचवते, पण विमान फार पहाटेचं असेल तर पहिल्या गाडीची वेळ आधी पाहा आणि जमत नसेल तर टॅक्सी सांगून ठेवा. नेपल्सच्या खोलीचा शहरकर माणशी, रात्रीप्रमाणे वेगळा लागतो आणि बहुधा रोखच मागतात. तेवढे युरो बाजूला काढून ठेवा.